पेडल ठोके देतंय? डिस्क लेथवर पाठवण्याआधी मोजा

टॉर्करेंच
ब्रेक दाबला की पेडल पायाखाली ठोके देतं, आणि गॅरेजमध्ये लगेच निदान होतं: "डिस्क बेंड झालीय, फेस मारून घ्या," म्हणजे लेथ मशीनवर तासून सपाट करून घ्या. माझं मत, मोजल्याशिवाय डिस्क लेथवर चढवूच नये. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. ०.०२ मिमीचा फरकसुद्धा पायाला कळतो. जाड भाग पॅडमध्ये आला की पॅड दाबणारा पिस्टन मागे रेटला जातो आणि तो धक्का ब्रेक ऑइलमधून थेट पेडलपर्यंत येतो.

जाडी बिघडते ती रनआउटमुळे, म्हणजे फिरताना डिस्क किंचित डगमगल्यामुळे. पॅड आणि पिस्टन धरणारा सरकता कॅलिपर तिच्यासोबत हलतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक सोडलेला असतानाही दर फेरीला तीच जागा पॅडला घासते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ठोके सुरू होतात. रनआउटचं मूळ बहुधा हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरच्या) गंजात किंवा कमीजास्त आवळलेल्या व्हील नटांत सापडतं. १४० मिमी व्यासाच्या हबच्या कडेला ०.०५ मिमीचा पापुद्रा अडकला, तर २६० मिमीच्या डिस्कवर त्याचे ०.०९ मिमी होतात. रनआउटची मर्यादा पुष्कळ गाड्यांत ०.०५ मिमी असते!

लेथवाला
हे सगळं खरं धरलं तरी एकदा जाडी बिघडली की हब घासून ती परत येत नाही. डिस्कवर जाडीची किमान मर्यादा कोरलेली असते. तेवढा वाव असेल तर त्या ॲक्सलच्या दोन्ही डिस्क फेस माराव्यात, नसेल तर दोन्ही बदलाव्यात. डायल गेज (डगमग मोजायचं काट्याचं यंत्र) लावत बसण्यापेक्षा हे लवकर उरकतं आणि ठोके जातात.

टॉर्करेंच
ठोके जातात, पण कायमचे नाही. सुटी डिस्क लेथवर सरळ होते ती लेथच्या आसाला धरून. ती परत त्याच गंजलेल्या हबवर बसली की रनआउट तेवढाच. फेस मारायचाच असेल तर हबवर बसवूनच चालणाऱ्या लेथवर मारा.

आणि मोजायला फार वेळ लागत नाही. आधी चाक हलवून बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही ना ते बघा. चाक काढून सगळे नट वॉशर घालून आवळा, म्हणजे डिस्क हबला घट्ट बसेल. डायल गेजचं टोक बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत टेकवा आणि एक पूर्ण फेरी फिरवा. रीडिंग जास्त आलं तर सर्वांत उंच जागेला डिस्कवर आणि हबवर खडूने खूण करा, डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवा, पुन्हा मोजा. उंच जागा हबच्या खुणेपाशीच राहिली तर दोष हबचा, डिस्कसोबत सरकली तर डिस्कचा. जाडी मायक्रोमीटरने त्याच कडेजवळ आठ ठिकाणी घ्या. व्हर्नियरवर हा फरक पकडता येत नाही.

पॅडची पावडर
पॅडचा थर दोघांच्याही बोलण्यात आला नाही. जोरात ब्रेक मारून गाडी थांबवली आणि पाय तसाच दाबून ठेवला, की तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. पॅडच्या आकाराचा काळसर डाग दिसला तर आधी रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, ८-१० वेळा ब्रेक लावा. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. निळसर कडक ठिपके पडले असतील तर मात्र डिस्क बदला. तिथलं बीड (डिस्कचं ओतीव लोखंड) कडक झालेलं असतं, फेस मारला तरी आजूबाजूचा भाग आधी झिजतो आणि ठिपके पुन्हा वर येतात.

मागचं चाक
अहो, पण आधी कुठलं चाक ते तरी ठरवा. स्टीअरिंगही थरथरत असेल तर बहुधा पुढचं. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर मोकळ्या सरळ रस्त्यावर ३० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा. ठोके आले तर ड्रमचा गोल बिघडलाय. मागे डिस्क आणि हँडब्रेकचा वेगळा छोटा ड्रम असलेल्या गाड्यांत ही चाचणी डिस्कबद्दल काहीच सांगत नाही.

आणि फक्त शेवटच्या ५-१० किमी वेगात, गाडी थांबता थांबता गुरगुर होत असेल तर एबीएसच्या, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरकडे बघा. सेन्सर ज्या रिंगवरून चाकाचा वेग वाचतो तिला तडा गेला किंवा सेन्सरखाली गंज फुगला की चाक लॉक होतंय असं एबीएसला वाटतं. मोकळ्या मैदानात, अगदी कमी वेगात, एबीएसचा फ्यूज काढून बघा. गुरगुर थांबली तर डिस्कला हात लावू नका. फ्यूज लगेच परत बसवा.

लेथवाला
हब वायर ब्रशने चकचकीत करायचा आणि नट फुलीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायचे, हे मान्य. नाहीतर नवीन डिस्कही वाया जाईल. पण ब्रेक लावून लावून डाग घालवायचा सल्ला मला पटत नाही. कॅलिपर ज्यावर सरकतो ती एखादी पिन जाम असेल तर तेच चाक आणखी तापेल. आधी पिना हाताने सरकतात का बघा, सिलिकॉन ग्रीस लावा, मगच रस्त्यावर न्या.