कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली एक थेंब नाही (२००९ची पेट्रोल हॅचबॅक, निफाड-नाशिक)

द्राक्षबाग:
गाडी २००९ची, पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा मायलेजच्या भांडणात जाईल. वडिलांनी घेतलेली. मी आठवड्यातून दोन-तीनदा निफाडहून चांदोरीमार्गे नाशिकला ऑफिसला नेते, एरवी वडील घर ते बाग.

दिवाळीपासून कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) रिझर्व्ह बाटलीतली पातळी आठ-पंधरा दिवसांत खालच्या रेघेखाली जाते. भरलं की पुन्हा तेच. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी खडखडीत कोरडा. होज, रेडिएटर, वॉटर पंप, कुठे ओल नाही. तापमानाचा काटा कायम मध्यावर, अगदी कसारा घाट चढतानाही.

गावातल्या मेकॅनिकने सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर पाहिला, ऑइलच्या टोपीखाली थोडी पांढरट साय पाहिली आणि निकाल दिला: हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवू. सोळा-सतरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करायचा तर आधी खात्री हवी. कसं ओळखायचं?

ता.क. काचेचंही एक दुखणं आहे. सकाळी समोरची काच आतून धुरकट होते, हीटर लावला की जास्तच, आणि फडक्याने पुसली की तेलकट फरकटे उठतात. त्याचा वेगळा धागा काढीन.

सातपूर गॅरेज:
आधी रेडिएटरची टोपी बदला, सगळ्यात स्वस्त भाग तोच. टोपी म्हणजे नुसतं झाकण नाही, कुकरची शिट्टी आहे ती. नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंचीवर, इथे उघड्यावर पाणी ९८ अंशांनाच उकळतं. टोपीने दाब धरला तर कूलंट १२०च्या पुढेही उकळत नाही. तिचं रबर कडक झालं की वाफ बाटलीच्या नळीतून निघून जाते, खाली थेंब दिसत नाही.

दुसरं म्हणजे, इंजिन पूर्ण थंड असताना टोपी काढून रेडिएटरमध्ये बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल तर टोपीची आतली झडप गेली. गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही. तुमच्याकडे बाटलीच उतरतेय, म्हणजे ती झडप बहुधा ठीक असावी.

घाटरस्ता:
चमचाभर हळद टाका रेडिएटरमध्ये. आमच्या ट्रकवाल्यांचा जुना इलाज, मीही केलाय.

जुना फिटर:
घाटरस्ता, इगतपुरीच्या पुढे रात्री अडकलात तर हळद जरूर टाका आणि घरी या. पण ती भोक शोधत जात नाही, जिथे वाट अरुंद तिथे बसते. रेडिएटरच्या नळ्याही अरुंदच असतात. बाटलीतून मिळणाऱ्या लीक-स्टॉपचंही तेच.

ताई, हेड इतक्यात उतरवू नका. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पाणी कुठे जातंय ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, ही सवय तिथली.

निफाडला डिसेंबरात सकाळी कुणाच्या गाडीतून पांढरी वाफ निघत नाही? पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, ते थंड सायलेन्सरमध्ये जमतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी चांगली तापल्यावरही ढग निघत असेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर गॅस्केटचं बोलू. टोपीखालची साय तशीच. वडील घर ते बाग एवढंच चालवतात, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आतला दमटपणा टोपीला लागतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. तिच्यावरचं ऑइल दुधाळ नसेल तर साय पुसून टाका.

काट्यावर मात्र भरवसा ठेवू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर तो खरं बोलतो. पातळी पार खाली गेली की सेन्सर हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा मध्यावरच दिसू शकतो.

आता चाचणी. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. रेडिएटरच्या टोपीच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवून टोपीवर छापलेला दाब द्या, ०.९ किंवा १.१ बार असं काहीतरी असतं, त्याच्या वर नको. मग अर्धा तास फक्त टेस्टरच्या काट्याकडे बघा, उतरला तर कुठेतरी गळतंय. थंडच का? गरम ब्लॉकवर पडलेला थेंब जागीच सुकतो, पुठ्ठ्यापर्यंत येतच नाही. टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या अंगातलं छोटं भोक आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) हाउसिंगची मागची बाजू पाहा. तिथे हिरवा-गुलाबी किंवा पांढरा सुकलेला थर दिसला तर तिथून गळतंय.

पण मला विचाराल तर तुमचा पुठ्ठा चुकीच्या जागी आहे. तो गाडीच्या आत हवा.

काचेचं दुखणं वेगळं नाही हो! हीटरची गरम हवा काच साफ करते. तुमच्याकडे उलट होतंय. साधी वाफ पुसली की काच लख्ख होते, कूलंटमधल्या ग्लायकॉलचा थर फरकटतो. डॅशबोर्डच्या पोटात हीटर कोअर म्हणून एक छोटा रेडिएटर असतो, त्यातून इंजिनाचंच कूलंट फिरतं. डाव्या सीटपुढचं रबरी मॅट उचला आणि कार्पेट हाताने दाबा. मे महिन्यात तिथे ओल असती तर मी एसीचं ड्रेन तुंबलंय म्हटलं असतं. आता एसी कोण लावतंय? बोटाला चिकट लागलं तर चोर सापडला. चाखून मात्र बघू नका, विष आहे ते.

आणि एक सांगा, वर भरताय ते काय भरताय? बोअरचं पाणी?

द्राक्षबाग:
काका, बोअरचंच. वडील वर्षानुवर्षं तेच भरतात.

मॅट उचललं. खालचा फोम पिळून निघेल इतका ओला, हिरवट, चिकट. वडिलांना वाटत होतं, बागेतून ओल्या पायांनी बसतात म्हणून. प्रेशर टेस्टर नाशिकमध्ये एका गॅरेजला मिळाला. ०.९ दिला, काटा सावकाश उतरत गेला, गाडीखाली काहीच नाही. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणीही करून घेतली. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा पडतो म्हणे. निळाच राहिला. डिपस्टिकही स्वच्छ.

आता नवा प्रश्न. कोअर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागणार, आणि भाग मागवावा लागेल. गॅरेजवाला म्हणतो, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना बुचं मारू, नाशिकला हीटर लागतो कुठे?

सातपूर गॅरेज:
बरोबर बोलला. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना हीटरचं बटण कुठंय तेही ठाऊक नसतं.

द्राक्षबाग:
दादा, एकदा जानेवारीत पहाटे निफाडला या, मग बोलू.

जुना फिटर:
बुचं नकोत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी हीटरच्या वाटेनेच फिरतं. ती वाट बुजवली तर एका जागी इंजिन तापतं आणि थर्मोस्टॅटला पत्ता नसतो. कोअरकडे जाणारी आणि तिथून येणारी नळी एकमेकींना जोडा. मध्ये धातूच्या नळीचा तुकडा, दोन्हीकडे चांगले क्लॅम्प. कोअर येईपर्यंत बिनघोर चालवा. काचेसाठी एसी लावा, थंडीतही. एसी हवेतला दमटपणा काढतो.

बोअरच्या पाण्यातले क्षार आणि पातळ झालेलं कूलंट, दोन्ही मिळून अ‍ॅल्युमिनियम खातात. आता जुनं सगळं काढून टाका, डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि कूलंटचं तयार मिश्रण भरा. नवा कोअर त्याच्यानंतरच बसवा. कार्पेट आणि फोम बाहेर काढून धुवा. ते पाणी अंगणात ओतू नका, गोडसर असल्याने कुत्री चाटतात आणि मरतात.

द्राक्षबाग:
नळ्या जोडून घेतल्या. काच स्वच्छ आहे, बाटली वरच्या रेघेवर. फोम गच्चीवर वाळतोय. भरल्यावर हवा काढायची असते ना? गॅरेजवाल्याने इंजिन सुरूसुद्धा केलं नाही, भरलं आणि झाकण लावलं.

जुना फिटर:
मग हवा आत आहे. सकाळी थंड इंजिनावर टोपी काढा, गाडीचं नाक चढावर ठेवा, मग सुरू करा. वरची होज गरम होईपर्यंत बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. बुडबुडे थांबले की टोपी लावा आणि पहिल्यांदा पंखा सुरू होईपर्यंत गाडीजवळून हलू नका. दुसऱ्या दिवशी थंड असतानाच बाटली बघून पुन्हा भरा, पहिल्या दिवशी थोडं उतरतंच.