मदत हवी आहे: डॉक्टर भाचीसाठी कुठलं शाईपेन घ्यावं?

भाची एमबीबीएस झाली, पुढच्या महिन्यात इंटर्नशिप सुरू. मामा म्हणून शाईपेन द्यायचं ठरवलंय. अक्षर सुंदर होतं तिचं, पण पाच वर्षं लेक्चरच्या नोट्स खरडून पार कोंबडीचे पाय झालेत. २०१६ पासून नियमच आहे की औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य लिहावं, शक्यतो कॅपिटलमध्ये. आणि तसंच हवं. अमेरिकेत 'लोसेक' हे आम्लपित्ताचं औषध आणि 'लॅसिक्स' हे लघवी वाढवणारं औषध यांच्यात इतका घोळ व्हायचा, की १९९० साली लोसेकचं नाव बदलून 'प्रायलोसेक' करावं लागलं!

डॉक्टरांसाठी खास पेनं पूर्वीही विकली जायची. पांढरं पेन, जोडीला थर्मामीटरची नळी. आता 'डॉक्टर एडिशन' म्हणून विकतात त्यात क्लिपवरच्या सापाच्या चिन्हाशिवाय वेगळं काय असतं, मला तरी दिसलं नाही.

अडचणी अशा. वॉर्डातला कागद स्वस्तातला, शाई फुटते. म्हणून जपानी फाइन निब बरी का? ती युरोपियन फाइनपेक्षा बारीक असते म्हणे. शाई लगेच वाळायला हवी, शिवाय सॅनिटायझरच्या ओल्या हातानं पुसली जाऊ नये. पण पक्की शाई निबमध्ये सुकून बसते, आणि ही पोरगी पेन धुणार? नाव नको!

कार्बन कॉपी असेल तिथे बॉलपेनच लागणार, ते ठाऊक आहे.

बजेट दोन हजार. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन निब लिहून बघेनच, पण आधी वापरणाऱ्या डॉक्टरांनी सांगा: कुठलं पेन, कुठली शाई? ॲप्रनच्या खिशात गळत नाही ना?