शब्दचर्चा: लेखनिक, वाचक, रायटर

प्रश्न: डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी शाळा 'रायटर घ्या' म्हणते, अर्जावर 'लेखनिक' असतं आणि काही शिक्षक 'वाचक' म्हणतात. तिन्ही एकच का?

उत्तर: रायटर आणि लेखनिक एकच: परीक्षेत मूल तोंडाने सांगेल ते उत्तर लिहून घेणारा. जुन्या मराठीत यालाच 'लेखक' म्हणत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबा 'लेखकु जाहला' असं येतं, ते सांगितलेलं उतरवून घेणारा या अर्थाने. पुढे लेखक म्हणजे स्वतःचं लिहिणारा असा अर्थ रुळला आणि परीक्षेच्या कामाला 'लेखनिक' उरला.

वाचक मात्र वेगळा. तो प्रश्नपत्रिका वाचून दाखवतो, उत्तर मूल स्वतः लिहितं. डिस्लेक्सियात अडतं ते मुख्यतः वाचन, डिस्ग्राफियात लेखन. पुष्कळ मुलांना दोन्ही असतं, तेव्हा अर्जात दोन्ही शब्द लिहा. नुसतं 'लेखनिक' लिहिलं तर केंद्रावर 'हा वाचून कसा दाखवतो?' अशी हरकत निघू शकते. 'वाढीव वेळ' हीसुद्धा वेगळी मागणी आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ती तासाला किमान २० मिनिटं होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

प्रश्न: लेखनिकाने चुकीचं वाक्य सुधारून लिहिलं तर?

उत्तर: ती कॉपीच. कानावर पडेल तेच कागदावर. म्हणून तर दहावीच्या मुलाला लेखनिक खालच्या इयत्तेतला देतात. वाचकाचंही तसंच: चार पर्यायांपैकी बरोबर पर्यायावर आवाज रेंगाळला की उत्तर फुटलं. चारही एकाच सुरात वाचायचे.

पुरवणी: सगळ्यात जास्त घोळ गणितात होतो. मूल म्हणतं, 'एक्स अधिक दोन छेद तीन'. तीनने फक्त दोनला भागायचं की एक्स अधिक दोन या सगळ्याला? लेखनिकाने विचारायचं नाही, म्हणून मुलालाच बोलायला शिकवा: 'कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, छेद तीन'. भाषेच्या पेपरात 'पूर्णविराम', 'नवा परिच्छेद', 'दुसरी वेलांटी' हेही तोंडाने सांगावं लागतं.

उत्तर तोंडपाठ असून मुलं इथे अडकतात, याचं फार वाईट वाटतं, कारण हे सवयीने जमतं. लांब वाक्य सांगता सांगता मूल पहिला अर्धा भाग विसरतं. त्यापेक्षा आधी प्रश्न क्रमांक, मग पाचसहा शब्दांचा तुकडा. लेखनिकाने 'हं' म्हटलं की पुढचा. परिच्छेद झाला की 'वाचून दाखव' म्हणायचं. नववीच्या पहिल्या सत्रापासून आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं पुरतात. शक्य तर सरावाचाच लेखनिक परीक्षेला ठेवा, आणि केंद्राने नवा दिला तर पेपरच्या दोन दिवस आधी भेट मागून घ्या. २०१८ च्या सूचनांतही तशी तरतूद होती.