लांबचा विमानप्रवास आणि बिझनेस क्लासची सीट : तुमचे अनुभव सांगा

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. मुंबईहून न्यू जर्सीतलं न्यूआर्क, सलग १५-१६ तास. म्हणून या खेपेला आम्हा दोघींचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय. आता सीट निवडायची आहे आणि तिथेच मी अडलेय. नकाशावर नुसते चौकोन दिसतात. त्यातून आईला उठता येईल का, हे कुठेच कळत नाही. घरच्या वयस्कर माणसांना घेऊन गेला असाल तर जरूर लिहा, अगदी बारीकसारीक गोष्टीसुद्धा.

ठाणे
सासूबाईंना हौसेनं खिडकी दिली होती. विमानात २-३-२ अशी मांडणी, म्हणजे एका रांगेत दोन सीट, वाट, तीन सीट, वाट, दोन सीट. दोन्ही सीट आडव्या केल्या की खिडकीतल्या माणसाला शेजारच्याचे पाय ओलांडूनच बाहेर यावं लागतं. मला गाढ झोप लागली. सकाळी त्यांनी पाणी नको म्हटलं, चहाही नको. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तुला उठवायला नको म्हणून रात्रभर बाथरूमलाच गेल्या नव्हत्या. अजून आठवलं की जिवाला लागतं. ताई, आधी मांडणी बघा. १-२-१ असेल तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. २-२-२ किंवा २-३-२ असेल तर आईंना वाटेकडची सीट द्या, खिडकी तुम्ही घ्या.

दुबई
१-२-१ मध्येही फरक असतो बरं का. एमिरेट्सच्या दुमजली ए३८० विमानात वरच्या मजल्यावर ए आणि के या सीट अगदी खिडकीला लागून, टेबल वाटेच्या बाजूला. बी आणि जे वाटेला लागून, टेबल खिडकीकडे. मी एकटा असलो की ए घेतो, आडोसा छान मिळतो. पण बाबांना काठी लागते, त्यांना बी. पाय खाली सोडले की थेट वाटेवर. मधल्या ई आणि एफ एकमेकींना चिकटून असतात, तिथे तुम्हाला आईंची बटणं दाबून देता येतील. डी-जी निवडलंत तर मध्ये टेबलं येतात आणि हात पोचत नाही.

पुणे
माझी उंची सहा फूट दोन इंच. सीट पूर्ण आडवी होते, पण पावलं पुढच्या सीटच्या टेबलाखालच्या खोबणीत सरकवायची असतात. ती अरुंद असली तर कुशीवर वळताना गुडघा वर आपटतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हे फार महत्त्वाचं. अनेक विमानांत पहिल्या रांगेत ही खोबण ऐसपैस असते. मात्र तिथल्या भिंतीला बऱ्याचदा तान्ह्या बाळांचे पाळणे लावतात, तेवढी तयारी ठेवा.

नाशिक
मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्याही आईचा उजवा गुडघा बदललेला आहे. आडव्या सीटवरून तसंच उठू देऊ नका. आधी सीट पूर्ण सरळ करा, मग कडेला सरकायचं, दोन्ही हातांनी सीटच्या हातांवर जोर देऊन उभं राहायचं. काही सीटचा वाटेकडचा हात खाली दबतो. झोपायला तो खाली बरा, उठताना मात्र वर हवा. विमानात बसल्या बसल्या एकदा करून घ्या, म्हणजे रात्री अंधारात चाचपडावं लागणार नाही.

कोल्हापूर
बाथरूम जवळ हवं म्हणून अगदी त्याला लागून बसलो. दार उघडलं की तोंडावर उजेड. पलीकडे गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, भांड्यांचा आवाज. दोन-तीन रांगा सोडून बसा.

सिंगापूर
प्रवासाच्या दोन दिवस आधी नकाशा पुन्हा उघडा. आमचं विमान बदललं, सीटचा नंबर तोच राहिला आणि जागा मात्र भलतीच निघाली. बुकिंगवर विमानाचा कोड असतो, ७७डब्ल्यू म्हणजे बोइंग ७७७-३००ईआर, ७८९ म्हणजे बोइंग ७८७-९. तो आजच लिहून ठेवा.

पुन्हा मी, आता न्यू जर्सीहून
सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या जोडीतल्या सीट घेतल्या, बाथरूमपासून तीन रांगा सोडून. मुंबईतच, दारं बंद व्हायच्या आधी, आईकडून दोनदा सीट सरळ करून उठण्याची तालीम करून घेतली. कुठलं बटण ते तिला दिसावं म्हणून त्यावर तिच्या टिकलीच्या पाकिटातली लाल टिकली लावली. उतरायला तीन तास असताना मला जाग आली तर ती चहा पीत बसली होती. म्हणाली, "दोनदा जाऊन आले. तू झोप अजून."