मदत हवी आहे : पावती नसलेल्या चित्रांचा माग कसा लावायचा?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा गिरगावात डॉक्टर. १९५०च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या चार-पाच चित्रकारांशी त्यांची चांगली घसट होती. फी घ्यायची नाही, चित्र ठेवून घ्यायचं, असा सगळा मामला! त्यातून घरात १९ चित्रं जमली आणि पावती एकाचीही नाही. एम. एफ. हुसेन, के. एच. आरा या चित्रकारांच्या पिढीमागे श्लेसिंजर, लायडन, लँगहॅमर हे परदेशातून मुंबईत आलेले स्नेही उभे राहिले, त्यावर बरंच लिहिलं गेलंय. आमच्याकडे मात्र नुसती पोस्टकार्डं.

चित्रांच्या पुढून-मागून फोटो काढलेत, सह्या आणि फ्रेमवाल्यांची लेबलं टिपलीत, पत्रं तारखेनुसार लावलीत. अडचण अशी की पत्रात ‘ते घाटाचं चित्र’ एवढंच असतं आणि घाटाची चित्रं तीन आहेत. एका लिलाववाल्यांना विचारलं, तर त्यांनी बिलच मागितलं.

विकायचं काहीच नाही, घरगुती पुस्तिका काढायची आहे. चित्रं शंभर वर्षांच्या आतली, त्यामुळे पुरावस्तू नोंदणीचा प्रश्न नाही. चित्र आपलं असलं तरी स्वामित्वहक्क चित्रकाराकडे किंवा वारसांकडे, तो मृत्यूनंतर ६० वर्षं, हेही माहीत आहे. दोघांच्या वारसांची परवानगी मिळाली आहे.

तर विचारायचं एवढंच : भेट मिळालेल्या चित्राचं मूळ सांगताना पत्र, जुना कौटुंबिक फोटो आणि आईची सही केलेली आठवण यांतलं अभ्यासक काय ग्राह्य धरतात, आणि तीनपैकी नेमकं ‘घाटाचं’ चित्र ठरवायचं कसं?