मदत हवी आहे: दोन पंपांच्या चाचणीत डावी पिशवी चिकटते

हृदयाचे दोन्ही निलय (रक्त ढकलणारे खालचे कप्पे) निकामी झाल्यावर बसवायच्या पंपांची टेबलावर चाचणी करतोय, एम.टेक.चं काम. पंप, टाक्या, नळ्यांचं सर्किट बेळगावातच जुळवलंय, ॲक्रिलिकच्या टाक्या उद्यमबागेत करून घेतल्या. रक्ताऐवजी पाण्यात वजनाने 40 टक्के ग्लिसरीन. सेंट्रिफ्युगल पंप दोन, दोन्ही सारखेच. सरासरी दाब डावीकडं 90, उजवीकडं 15 मिमी पारा धरलाय.

उजवा पंप जरा वाढवला की डाव्या अलिंदाची (फुप्फुसातून रक्त येतं तो वरचा कप्पा) सिलिकॉनची पिशवी टम्म फुगते. माणसात हे म्हणजे फुप्फुसात पाणी, म्हणून हे तसंच सोडून पुढं जाववत नाही. डावा वाढवला की तीच पिशवी नळीच्या तोंडाला चिकटून फडफडते, फ्लो कोसळतो.

उजव्याचे आरपीएम कमी केले, बाहेर जाणारी नळी क्लॅम्पने आवळली, बुडबुडे काढले, सेन्सर शून्यावर आणून पाहिले. आवळल्यावर बरं चालतं, पण फुप्फुसाचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) बदलला की पुन्हा तेच. श्वासनलिकांचं थोडं रक्त शरीरात थेट डावीकडं येतं, ती वाट सर्किटमध्ये अजून नाही. नवा पंप घेणं परवडणार नाही.

असं सर्किट चालवलेल्यांनी सांगा: उजवी नळी किती आवळायची हे कोणत्या रोधावर ठरवता? आणि आधी ती वाट जोडू की पिशवी बदलू?