मदत हवी आहे: कथकचे पाय टॅपला कसे वळवावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, लेक दहावीत. शाळेने यंदा 'नो, नो, नानेट' हे इंग्रजी संगीत नाटक बसवायला घेतलंय आणि हिची कोरसमध्ये निवड झालीय. व्हिन्सेंट यूमन्सचं संगीत, ब्रॉडवेवर १९२५ साली आलेलं. बायबलं छापून गब्बर झालेला एक भोळा गृहस्थ तीन शहरांतल्या तीन तरुणींना पैसे पुरवतो (मनात पाप नाही हो!) आणि मग बायकोपासून लपवताना त्याची तारांबळ उडते. थोडक्यात, अस्सल फार्स.

त्यात टॅप नाच आहे, म्हणजे तळाला पत्रे लावलेल्या बुटांनी ताल वाजवायचा. अडचण पायांची आहे. सात वर्षं कथक झाल्यामुळे तत्कारासारखा (कथकच्या पदन्यासासारखा) अख्खा तळवा सपाट पडतो. टॅपच्या बाई म्हणतात, वजन चवड्यावर घे, घोटा सैल सोड. शफलमध्ये चवडा पुढे झटकून मागे ओढायचा, दोन स्वच्छ आवाज यायला हवेत. हिचा एकच येतो, धप्प! लय पक्की आहे, तिहाई (तोच बोल तीनदा) घेऊन बरोबर समेवर येते, पण जॅझमधल्या स्विंगची लांब-आखूड चाल काही बसत नाही. 'आय वाँट टू बी हॅपी'ला सगळे एकदम टॅप करतात, तिथे एक पाय चुकला तरी ऐकू येतो. १९७१ च्या पुनरुज्जीवनात जुन्या चित्रपटांतली टॅप नर्तकी रुबी कीलर साठीत हे नाचली होती, हे लेकीला सांगून चूक केली. आता ती हट्टाला पेटलीय.

शिवाय घर भाड्याचं, लाकडी फरशी, खालच्या मजल्यावर एक आजी. सराव कुठे करायचा?

(नवरा सगळ्यांना सांगत सुटलाय की ह्या नाटकाला पैसे हवेत म्हणून बेसबॉलपटू बेब रूथला त्याच्या संघमालकाने विकला. विक्री १९१९ ची, नाटक १९२५ चं. त्याला कोणीतरी आवरा.)

सुपारीफूल: फरशीवर थेट नको, बुटाच्या पत्र्याचा स्क्रू वर आला असेल तर ओरखडे नक्की. प्लायवूडचा तुकडा, खाली जुना गालिचा. काँक्रीटवर तर अजिबात नको, नडग्या भरून येतात. शफल आधी खुर्चीची पाठ धरून, अगदी विलंबित.
स्विंगसाठी तिला तिस्र जाती (एका मात्रेत तीन अक्षरं) आठवायला सांगा. 'तकिट' म्हणायचं, मधला 'कि' मनात. त–ट, त–ट. झालं स्विंग.

नादखुळी (धागाकर्ती): अगं, ओट्यापाशी मोज्यांवरच करून बघितलं तिने, चौथ्यांदा जमलं! प्लायवूड किती जाडीचं आणू?